शून्य टक्के म्हणजे बंद का? कंट्रोल व्हॉल्व्हच्या सिग्नलचा इतिहास

संशोधन पद्धतीच्या वर्गात आपण नमुना निवड शिकतो, चल शिकतो, चाचण्या शिकतो. पण एक साधा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो: तुमच्या तक्त्यातला हा आकडा नक्की कशाचा आहे? घडलेल्या गोष्टीचा, की घडावं म्हणून दिलेल्या आदेशाचा?

हा फरक शब्दांत ऐकला की 'हो, कळलं' असं वाटतं आणि आपण पुढे जातो. म्हणून आज तो एका वस्तूच्या इतिहासातून बघू. वस्तू म्हणजे कारखान्यातला कंट्रोल व्हॉल्व्ह, आणि प्रश्न एवढाच की तो पूर्ण बंद व्हावा यासाठी त्याला कोणता सिग्नल द्यायचा. तुमचा विषय अभियांत्रिकीचा नसला तरी शेवटपर्यंत वाचा. शेवटी जे हाती लागेल ते तुमच्याही विषयाचं असेल.

हात नसलेला नळ

घरचा नळ बंद करताना आपण काय करतो? फिरवतो, थेंब पडतोय का बघतो, पडत असेल तर आणखी आवळतो. म्हणजे हात जोर लावतो, डोळा निकाल बघतो आणि दोघं मिळून 'बंद' ठरवतात.

कंट्रोल व्हॉल्व्ह हा असाच नळ, पण फिरवणारा हात दूर कंट्रोल रूममध्ये असतो. व्हॉल्व्हच्या आत एक प्लग असतो, तो सीटवर बसला की वाट बंद. प्लगला जोडलेला दांडा वर जातो आणि दांड्याच्या टोकाला रबरी पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. पडद्याच्या एका बाजूला हवेचा दाब आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. हवा वाढली की प्लग उचलला जातो, हवा गेली की स्प्रिंग त्याला खाली दाबते. (उलट रचनेचे व्हॉल्व्हही असतात. आपण इथे हवेने उघडणारा आणि स्प्रिंगने बंद होणारा धरून चालू.) कंट्रोल रूममधून जातो तो फक्त सिग्नल: इतका उघड, इतका मिट.

तीनपासून मोजणी का सुरू झाली?

१९१४ च्या सुमारास अमेरिकेतल्या फॉक्सबरो कंपनीच्या एडगर ब्रिस्टल यांनी एक चतुर युक्ती शोधली. हवेच्या बारीक नोझलसमोर एक पातळ पट्टी ठेवायची. पट्टी किंचित हलली तरी नोझलमागचा दाब खूप बदलतो. एवढ्याशा हालचालीतून मोठा व्हॉल्व्ह चालवता येईल असा बदल मिळाला. अडचण अशी की हा बदल फारच तीव्र होता, त्यामुळे व्हॉल्व्ह एकतर सताड उघडा नाहीतर बंद. त्याच कंपनीतल्या क्लेसन मेसन यांनी बाहेर जाणाऱ्या दाबाचा काही भाग परत त्या पट्टीकडे वळवला, म्हणजे आज आपण ज्याला फीडबॅक म्हणतो ते केलं. १९३१ साली त्यावर बेतलेला 'स्टॅबिलॉग' हा नियंत्रक बाजारात आला. हवेचा सिग्नल आता टप्प्याटप्प्याने कमी-जास्त करता येऊ लागला.

पुढच्या काळात या सिग्नलचा एक पट्टा रूढ झाला: ३ ते १५ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर ३ ते १५ पौंड दाब. ३ म्हणजे शून्य टक्के, ९ म्हणजे पन्नास, १५ म्हणजे शंभर.

शून्य टक्क्यासाठी शून्य दाब का नाही? दोन कारणं. एक, नोझल आणि पट्टीची ही जोडी अगदी कमी दाबाला नीट, सरळ रेषेत वागत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. शून्य टक्क्याला शून्य दाब ठेवला, तर 'बंद कर' हा आदेश आणि 'हवेची नळीच तुटली' ही दुर्घटना दोन्ही अगदी सारख्याच दिसतील. ३ ला शून्य धरलं की फरक कळतो. ३ असेल तर आदेश, ० असेल तर बिघाड. याला इंग्रजीत 'लाइव्ह झीरो' म्हणतात. आपण जिवंत शून्य म्हणू.

प्रश्नावली बनवताना आपण 'उत्तर नाही' आणि 'उत्तर दिलंच नाही' यांना वेगळे सांकेतिक आकडे देतो ना? तीच ही कल्पना.

जिवंत शून्याची किंमत

पण या शहाणपणाची किंमत व्हॉल्व्हला मोजावी लागते. हिशेब करून बघा.

समजा पडद्याचं क्षेत्रफळ १०० चौरस इंच आहे. सिग्नल ३ पीएसआय, म्हणजे 'शून्य टक्के, बंद हो'. पण पडद्यावर अजून ३ पीएसआय हवा आहेच. तिचा जोर ३ गुणिले १००, म्हणजे ३०० पौंड, साधारण १३६ किलो वजनाइतका. हा जोर कोणत्या दिशेने? प्लग उचलण्याच्या! आता स्प्रिंग अशी लावली असेल की बरोबर ३ पीएसआयलाच व्हॉल्व्ह हलायला लागावा, तर स्प्रिंगचा जोरही तिथे ३०० पौंडच. दोन्ही फिटंफाट. प्लग सीटवर टेकलेला आहे, पण दाबलेला नाही. खालून येणाऱ्या द्रवाने जरा जोर लावला की फट पडलीच.

कागदावर शून्य टक्के आणि पाइपात गळती.

यावर जुना उपाय स्प्रिंग आधीच जास्त ताणून ठेवण्याचा. व्हॉल्व्ह लाइनवर बसवण्याआधी टेबलावर हे जुळवतात, म्हणून त्याला 'बेंच सेट' म्हणतात. स्प्रिंग अशी ताणा की व्हॉल्व्ह ५ पीएसआयला हलायला लागेल. मग ३ पीएसआयला स्प्रिंगचे ५०० आणि हवेचे ३०० पौंड, उरलेले २०० पौंड प्लगला सीटवर दाबून धरतात. छान बंद!

पण आता ३ ते ५ पीएसआय या पट्ट्यात काहीच घडत नाही. नियंत्रक म्हणतो '१५ टक्के उघड' आणि व्हॉल्व्ह जागचा हलत नाही. बंद नीट होतो, पण आज्ञा नीट पाळत नाही. एकाच स्प्रिंगकडून दोन कामं मागितली की असं होतं.

ही कोंडी फोडायला १९३० च्या दशकापासून पोझिशनर नावाचं उपकरण वापरात आलं. ते व्हॉल्व्हवरच बसतं, एका लिव्हरने दांड्याची जागा बघतं आणि सिग्नलशी ताडून पाहतं. दांडा मागे असेल तर हवा वाढवतं, पुढे गेला असेल तर सोडतं. त्यामुळे सिग्नलचा दाब आणि पडद्यावरचा दाब या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. सिग्नल ३ असला तरी पोझिशनर पडद्यावरची हवा पूर्ण सोडून देऊ शकतो.

'शकतो' म्हटलं, 'देतोच' नाही. पोझिशनरचा शून्य बिंदू प्लग सीटला जेमतेम टेकतो तिथेच लावला असेल, तर टेकताक्षणी तो म्हणतो, 'काम झालं' आणि हवा सोडणं थांबवतो. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ शून्य बिंदू जरा वर लावतात. सिग्नल शेवटाला पोचण्याच्या किंचित आधीच प्लग सीटवर बसला पाहिजे. मग खरा शेवटचा सिग्नल आला की पोझिशनरला वाटतं अजून खाली जायचंय, आणि तो उरलीसुरली हवाही सोडून देतो. स्प्रिंगचा सगळा जोर सीटवर येतो. घरचा नळ आपण शेवटी जो अर्धा आटा जास्त आवळतो, ते काम अशा रीतीने आकड्यात बसवलेलं आहे.

हवेकडून विजेकडे

१९५० च्या दशकापासून सिग्नल विजेवर जाऊ लागले. आधी १० ते ५० मिलीअँपिअरचाही पट्टा चालत होता, पण शेवटी ४ ते २० मिलीअँपिअर टिकला आणि १९७० च्या दशकात तो मानक ठरला. ४ ला २० शी जे प्रमाण, तेच ३ ला १५ शी, म्हणजे एकास पाच. जुनी कल्पना तशीच नव्या माध्यमात आली. ४ म्हणजे शून्य टक्के, ० म्हणजे तार तुटली.

पण व्हॉल्व्ह अजून हवेवरच चालत होते. त्यामुळे मध्ये विजेचं हवेत रूपांतर करणारा एक कन्व्हर्टर आला आणि त्याच्याबरोबर चुकीची एक नवी जागाही आली. समजा तो जुना झाला आणि ४ मिलीअँपिअरला ३ ऐवजी ३.२ पीएसआय देऊ लागला. पूर्ण पट्टा १२ पीएसआयचा, त्यात ०.२ म्हणजे सुमारे १.७ टक्के. कंट्रोल रूममध्ये शून्य टक्के दिसतंय आणि व्हॉल्व्हला मिळालेला आदेश आहे पावणेदोन टक्के उघडण्याचा. किरकोळ वाटतं? बारीक फटीतून मोठ्या दाबाचं पाणी किंवा वाफ वेगाने जाते तेव्हा ती धातूची सीट कापत जाते. फट रुंद होते, मग सिग्नल दुरुस्त केला तरी गळती राहते.

आणि या सगळ्याच्या पलीकडे आणखी एक शून्य आहे. सिग्नल बरोबर, प्लग सीटवर घट्ट, तरीही थोडी गळती मान्यच केलेली असते. अमेरिकी मानकात गळतीचे वर्ग आहेत. त्यातल्या चौथ्या वर्गाचा, म्हणजे धातूची सीट असलेल्या बऱ्याच कंट्रोल व्हॉल्व्हचा नियम सांगतो की पूर्ण उघड्या क्षमतेच्या ०.०१ टक्क्यापर्यंत गळती चालेल.

म्हणजे एकूण तीन शून्यं झाली. सिग्नलचं शून्य, दांड्याचं शून्य आणि प्रवाहाचं शून्य. आपण एकच शब्द वापरतो, 'बंद'.

२८ मार्च १९७९

आता हे तीन शून्यांचं प्रकरण केवढ्याला पडू शकतं ते बघा.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंड नावाचं अणुवीज केंद्र होतं. तिथल्या दुसऱ्या अणुभट्टीत २८ मार्च १९७९ ला पहाटे चारच्या सुमारास पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडले. भट्टीच्या बंदिस्त पाण्याचा दाब वाढला आणि तो कमी करायला एक व्हॉल्व्ह आपोआप उघडला. हा आपल्या वरच्या उदाहरणातला कमी-जास्त होणारा व्हॉल्व्ह नाही. हा दोनच अवस्थांचा, विजेच्या सोलेनॉइडने चालणारा. सोलेनॉइडला वीज दिली की उघडतो, काढली की बंद व्हायला हवा. पण आपला प्रश्न इथेही तोच आहे.

काही सेकंदांतच भट्टी ठरल्याप्रमाणे बंद पडली, दाब उतरला, व्हॉल्व्हची वीज काढली गेली. व्हॉल्व्ह मात्र अडकला आणि उघडाच राहिला. कंट्रोल रूममधला त्याचा दिवा विझला.

हा दिवा काय दाखवत होता? सोलेनॉइडला वीज जातेय की नाही, एवढंच. व्हॉल्व्ह कुठे आहे हे तो दाखवत नव्हता. दिवा विझला याचा खरा अर्थ होता 'बंद होण्याचा आदेश गेला'. ऑपरेटरांनी वाचलं 'बंद झाला'.

या दिव्यालाही इतिहास आहे. आदल्याच वर्षी, मार्च १९७८ मध्ये, याच भट्टीत वीज गेल्यामुळे हाच व्हॉल्व्ह उघडला होता, आणि तो उघडल्याचं कळायला कंट्रोल रूममध्ये काहीच सोय नव्हती. त्यानंतर हा दिवा बसवला गेला. म्हणजे उणीव ओळखली गेली होती, उपायही झाला होता. फक्त उपाय करताना जे मोजायला सोपं ते मोजलं, जे कळायला हवं होतं ते नाही.

दुसरा पुरावा नव्हता का? होता. त्या व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपाचं तापमान नोंदलं जात होतं. त्या पहाटे ते २८० अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे जवळपास १४० अंश सेल्सिअस दिसलं. पण तिथले व्हॉल्व्ह अपघाताच्या आधीपासूनच थोडे गळत होते, त्यामुळे तो पाइप गरम असणं ही रोजची बाब झाली होती. जी गळती दुरुस्त व्हायला हवी होती, तिनेच खऱ्या धोक्याची खूण झाकून टाकली. दिव्याने 'बंद' सांगितलं, तापमानाने 'उघडा' सांगितलं, आणि तापमानाला नेहमीचं स्पष्टीकरण तयार होतं.

बरं, असा व्हॉल्व्ह अडकल्याचं आधी कोणी पाहिलंच नव्हतं असंही नाही. सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी केंद्रात, त्याच कंपनीने बनवलेल्या भट्टीत, हाच प्रकार झाला होता. तिथे भट्टी अगदी कमी शक्तीवर चालू होती आणि वीसएक मिनिटांत ऑपरेटरच्या लक्षात आलं, म्हणून निभावलं.

थ्री माइल आयलंडमध्ये मागचा दुसरा व्हॉल्व्ह बंद करून ही वाट अडवायला सुमारे दोन तास वीस मिनिटं गेली. तोपर्यंत भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्यापैकी एक-तृतीयांशाहून जास्त पाणी निघून गेलं होतं. शिवाय पाण्याची पातळी दाखवणारं उपकरण पाणी भरपूर असल्याचं सांगत होतं, म्हणून ऑपरेटरांनी आपत्कालीन पाणीही कमी केलं होतं. तेही अप्रत्यक्ष मोजमापच: पातळी एका टाकीची आणि निष्कर्ष अख्ख्या भट्टीचा. नंतरच्या तपासात कळलं की भट्टीच्या गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला होता.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष होते जॉन केमेनी. गणितज्ञ, आणि थॉमस कर्ट्झ यांच्यासोबत बेसिक ही संगणकभाषा घडवणारे. ऑक्टोबर १९७९ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाने ऑपरेटरांच्या चुका नोंदवल्या, पण तेवढ्यावर न थांबता प्रशिक्षण, कार्यपद्धती, कंट्रोल रूमची मांडणी आणि मागच्या घटनांमधून न शिकणारी व्यवस्था यांच्याकडे बोट दाखवलं. अणुनियामक आयोगाने अशा व्हॉल्व्हची प्रत्यक्ष स्थिती दाखवणारी सोय सक्तीची केली. त्यासाठी काही ठिकाणी पाइपावर आवाज टिपणारे संवेदक बसवले गेले. वाहणारी वाफ आवाज करते, आणि त्या आवाजाला आदेश काय गेला होता याच्याशी देणंघेणं नसतं.

आजचा पोझिशनर आणि तरी उरलेला प्रश्न

१९९० च्या दशकात पोझिशनरमध्ये मायक्रोप्रोसेसर आला. आता तंत्रज्ञ 'कटऑफ' ठरवून देतो. सिग्नल समजा अर्ध्या टक्क्याखाली गेला, तर दांडा कुठे आहे ते न बघता सगळी हवा सोड आणि पूर्ण जोराने बंद हो. शून्य बिंदू वर सरकवण्याची जुनी युक्ती इथे एका सेटिंगमध्ये आली. त्याचीही किंमत आहेच: त्या आकड्याखाली बारीक नियंत्रण मिळत नाही. शिवाय पोझिशनर दांड्याची मोजलेली जागा कंट्रोल रूमला परत कळवतो.

मग प्रश्न मिटला? नाही. तो दांड्याची जागा कळवतो. प्लग दांड्यापासून सुटला असेल किंवा सीट कापली गेली असेल, तर दांडा शून्यावर आणि पाणी वाहतंच. आपण आदेशापासून वस्तुस्थितीच्या एक पायरी जवळ आलो, एवढंच.

तुमच्या संशोधनासाठी

या क्षेत्रात आजही हा फरक संशोधनाचा विषय आहे. व्हॉल्व्ह अडकत अडकत हलतो, त्याला 'स्टिक्शन' म्हणतात. कारखान्याच्या नोंदींमध्ये बहुतेक वेळा नियंत्रकाचा आदेश आणि प्रक्रियेचं मोजमाप, म्हणजे प्रवाह किंवा दाब, एवढंच सापडतं. मधली व्हॉल्व्हची खरी जागा नसते. अलेक्झांडर हॉर्श यांचा १९९९ चा निबंध किंवा चौधरी, थॉर्नहिल आणि शाह यांचं २००५ मधलं काम बघा. न दिसणारी मधली गोष्ट दोन्ही बाजूंच्या आकड्यांवरून कशी ओळखायची, हाच तिथला प्रश्न. नोंदीतल्या 'व्हॉल्व्ह टक्के' या रकान्याला खरी जागा समजून विश्लेषण केलं, तर गणित कितीही सुबक असलं तरी उत्तर चुकणार.

आता तुमच्या विषयाकडे या. 'योजनेचे लाभार्थी' या रकान्यात मंजुरीपत्रांची संख्या आहे की पैसे हातात पडलेल्या माणसांची? 'औषध दिलं' म्हणजे चिठ्ठीवर लिहिलं की रुग्णाने घेतलं? 'शाळेत हजर' म्हणजे हजेरीपटावर की वर्गात? प्रत्येक ठिकाणी एक दिवा आहे आणि तो कुठल्यातरी तारेला जोडलेला आहे. ती तार कुठे जाते हे शोधणं तुमचं काम.

त्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या चलापुढे तीन प्रश्न लिहून ठेवा:

१. हा आकडा आदेशाचा, साधनाचा की परिणामाचा? म्हणजे सिग्नलचा, दांड्याचा की प्रवाहाचा?

२. यातलं 'शून्य' आणि 'माहिती नाही' वेगळं ओळखता येतं का?

३. या आकड्याशी न जोडलेला दुसरा पुरावा कोणता, आणि तो विरुद्ध गेला तर मी त्याला 'हे तर नेहमीचंच' म्हणून बाजूला सारणार का?

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. थ्री माइल आयलंडमध्ये पाइपाचं तापमान नोंदलं गेलं होतं, वाचलंही गेलं होतं. कमी पडलं ते त्या आकड्यावर विश्वास ठेवायचं कारण. तुमच्या डेटामध्ये असा गरम पाइप कोणता आहे, ते प्रस्ताव लिहिण्याआधीच ठरवून ठेवा. विश्लेषणाच्या धांदलीत ते सुचत नाही.